नऊ अल्बम आणि चैतीबाई

जयंतभाई चुरी नोव्हेंबर २०१९मध्ये वलसाडच्या एका रुग्णालयात हृदयविकाराने वारले. वय अठ्ठावन्न. मसोलीत त्यांचा लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. मागे पत्नी आणि विवाहित मुलगी आहे. एवढी माहिती आमच्या साप्ताहिकात चार ओळींत छापून आली. त्या ओळी मीच लिहिल्या होत्या. त्यांत जे बसलं नाही, ते इथे लिहीत आहे.

माझी त्यांची पहिली भेट डिसेंबर २०१४मध्ये झाली. डहाणू रोडच्या आमच्या कार्यालयात ते वहीचा एक कागद घेऊन आले. वर लिहिलं होतं, ‘यंदाचे अल्बम’. खाली एक ते दहा आकडे, प्रत्येकापुढे अल्बमचं नाव आणि एका ओळीचा शेरा. हे छापा, म्हणाले. हे कोण वाचणार, असं मी विचारलं. ते म्हणाले, “वाचायला कुठे सांगतोय? ऐकायला सांगतोय.”

कागदावर एकाखाली एक अशा गोष्टी होत्या, ज्या एका माणसाच्या घरात एकत्र असतील असं वाटत नव्हतं. गुजराती गरबा, त्याखाली एका म्हाताऱ्या गझलगायकाची मैफल, त्याखाली कुठल्याशा थंड देशातल्या चौघांचं कानठळ्या बसवणारं संगीत. दाक्षिणात्य व्हायोलिन होतं, कव्वाली होती, वसईकडची कोळीगीतं होती, बँडबाजा होता, एक हिंदी सिनेमाही होता. गरब्यापुढे शेरा होता : ‘ढोल खरा आहे, मशीनचा नाही. तिसऱ्या गाण्यात बाई दमते, ते कापलेलं नाही.’ थंड देशातल्या चौघांपुढे : ‘शब्द कळत नाहीत, भांडण कळतं.’ व्हायोलिनपुढे : ‘हिला घाई नाही.’ दहाव्या आकड्यापुढे काहीच नव्हतं.

लिहायचं राहिलं असेल असं समजून मी कागद पुढे केला. त्यांनी तो परत सरकवला. ती जागा इथल्या अल्बमची, डहाणू-तलासरीच्या. झाला की लिहितो, असं त्यांनी सांगितलं. त्या आठवड्यात शेवटच्या पानावर अर्धा रकाना मोकळा होता, म्हणून यादी छापली. दहावा आकडाही छापला. एका वाचकाने पत्र पाठवून मुद्रणदोष दाखवून दिला.

मसोलीतल्या त्यांच्या दुकानात पुढे एक बाकडं आणि मागे छतापर्यंत रचलेले स्पीकरचे बॉक्स असत. अल्बम लागला की तो संपेपर्यंत व्यवहार बंद. नवरात्राचं बुकिंग करायला आलेल्या एका गुजराती व्यापाऱ्याने एकदा मधेच बोलायला सुरुवात केली, तेव्हा जयंतभाईंनी त्याला हाताने बसायची खूण केली आणि म्हणाले, “शेठ, ओगणीस मिनिट.” व्यापारी बसला. एकोणीस मिनिटांनी त्याने बुकिंग केलं आणि जाताना अल्बमचं नाव लिहून नेलं. मधूनच एखादं गाणं लावायला सांगणाऱ्याला जयंतभाई म्हणत, “अल्बम म्हणजे ताट. नुसता भात खाऊन उठलास, तर जेवलास असं घरी सांगू नकोस.” फोनवर बोलत आत येणाऱ्याला ते दारातच थांबवत. “आधी कान धुऊन ये.”

२०१६च्या शेवटी इंटरनेट स्वस्त झालं आणि सीडी मिळेनाशा झाल्या, तेव्हाही त्यांची पद्धत बदलली नाही. ते एवढंच म्हणाले की आता सगळ्यांकडे सगळी गाणी आहेत, पण पहिल्या अर्ध्या मिनिटाची. त्यांची पत्नी नलिनीवहिनी यांची तक्रार वेगळी होती. स्वतःच्या लग्नाची कॅसेट यांनी एकदाही पुरी ऐकलेली नाही, का, तर भटजी बेसूर आहे.

दहाव्या जागेसाठी लोक सीडी आणून देत. जयंतभाई प्रत्येक सीडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून परत करत. घोलवडच्या एका हौशी निर्मात्याने तारप्याची, वारल्यांच्या फुंकून वाजवायच्या वाद्याची, सीडी काढली होती. त्यालाही नकार मिळाला. कारण विचारलं तर म्हणाले, “तारप्याच्या खाली कीबोर्ड घातलाय. तारप्याला काय कमी पडत होतं?”

मार्च २०१६मध्ये तलासरीजवळच्या एका पाड्यावर लग्न होतं. बॉक्स जयंतभाईंचे होते. जनरेटर बघायला ते मांडवामागे गेले, तिथून घरात डोकावले. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहिलेला होता आणि त्याच्यासमोर एक म्हातारी बसली होती. तिचे ओठ हलत होते. ती धवलेरी होती, म्हणजे वारल्यांमध्ये लग्न लावणारी बाई. ती गाण्यांतूनच लग्न लावते. बाहेरच्या आवाजात तिचं गाणं तिच्या शेजारी बसलेल्या बायकांनाही ऐकू जात नव्हतं. जयंतभाई हातभर अंतरावर जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांना ते ऐकू आलं. तीन गाणी ते तिथे उभे होते. नंतर ही हकिगत सांगताना त्यांनी प्रत्येक वेळी एक वाक्य सांगितलं. “मिक्सर माझा होता. दहा पावलांवर होता. मी गेलो नाही.” अंगणात पोरं नाचत होती आणि यजमानाला बॉक्स हवे होते, हे ते स्वतःहून कधी सांगत नसत, मी विचारल्यावर सांगितलं.

आठ दिवसांनी ते रेकॉर्डर घेऊन तिच्या घरी गेले. तिचं नाव चैतीबाई. तिने त्यांना पाणी दिलं, खाट टाकली आणि गायला नकार दिला.

“लगीन नाय तं लगनाचा गाना कसा बोलू, शेट? देव इचारल कोनाचा लगीन हाय, तं काय सांगू?”

निदान दोन ओळी, आवाज कसा येतो ते बघायला, असं जयंतभाई म्हणाले. तिने तेही नाकारलं. गाणं एकदा उठवलं की शेवटपर्यंत न्यावं लागतं, मधे सोडलं तर लग्न मधे राहतं, असं तिचं म्हणणं होतं. एकूण किती गाणी येतात, या प्रश्नाला तिने आकडा सांगितला नाही. लग्न लागेतो पुरतात, म्हणाली. त्या संध्याकाळी ते आमच्या कार्यालयात आले आणि खुर्चीत बसून हसले. “पत्रकारसाहेब, आपल्यापेक्षा कडक निघाली.”

आता एकच मार्ग होता. चैतीबाई लग्न लावते आहे आणि बाहेर बॉक्स नाहीत, असं लग्न मिळायला हवं होतं. ही गाणी पुरी येत होती ती चैतीबाई एकटीलाच. तिने तसं सांगितलं होतं, आसपासच्या पाड्यांवरच्या बायकाही तसंच सांगत. जयंतभाईंनी जाहीर केलं की जो बॉक्स लावणार नाही, त्याला मांडव, दिवे आणि खुर्च्या आपल्याकडून. तलासरी नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर याची बरीच चर्चा झाली. एकाने विचारलं, काय चुरीशेठ, हलवायाने साखर सोडली काय? जयंतभाई म्हणाले, हलवाई घरी काय खातो ते विचार कधीतरी. पण २०१७चा हंगाम गेला, २०१८चा गेला, कोणी आलं नाही. एका नवरदेवाच्या बापाने त्यांना स्पष्ट सांगितलं, “बॉक्स नाय लावला तं पाड्यात लोकां इचारतील, लगीन हाय का मयत?”

मधल्या काळात दोन लग्नांत त्यांनी डीजेला विनंती करून आवाज थांबवला. पाच-सात मिनिटांत पोरं ओरडायला लागली आणि आवाज सुरू झाला. तेवढं झालेलं रेकॉर्डिंग त्यांनी पुसून टाकलं. कापलेलं आहे, म्हणाले. त्यांचा स्वतःचा धंदा चालूच होता. त्यांचे बॉक्स दर हंगामात लग्नांना जात होते, हेही नोंदवायला हवं. दर डिसेंबरला यादी येत होती. २०१५, २०१६, २०१७. नऊ अल्बम, नऊ शेरे.

नोव्हेंबर २०१८मध्ये चैतीबाईची नात सुनीता दुकानात आली. ती डहाणूला नर्सिंगचं शिक्षण घेत होती. अल्बम लागलेला होता, म्हणून ती बाकड्यावर बसून राहिली. तो संपल्यावर तिने सांगितलं की तिचं लग्न ठरलं आहे, फेब्रुवारीत आहे, आणि बॉक्स नको आहेत. आजी गाणार आहे. होणाऱ्या नवऱ्याला काय वाटलं, असं जयंतभाईंनी विचारलं. “तो चालेल म्हणाला, काका. त्याचे मित्र रुसलेत.”

जयंतभाईंनी दोन मायक्रोफोनचा नवा रेकॉर्डर घेतला. त्या वर्षीची यादी आली नाही. मी फोन केला तेव्हा कळलं की फेब्रुवारीपर्यंत ते दुसरं काही ऐकणार नव्हते.

त्याच नोव्हेंबरात डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले. ते दिवसा आणि रात्रीही येत राहिले. लोक घराबाहेर झोपू लागले. चैतीबाईच्या घराची मागची भिंत तडकली आणि घरचे सगळे अंगणात प्लास्टिकखाली राहायला आले. थंडी होती. जानेवारीत चैतीबाईला न्यूमोनिया झाला. तिला रुग्णालयात दाखल केलं.

पुढचा तपशील सुनीताने मला दिलेला आहे. जयंतभाईंनी त्यातलं काही नाकारलं नाही. दाखल केल्याच्या चौथ्या दिवशी, दुपारी, चैतीबाई तापात गायला लागली. सुनीताने जयंतभाईंना फोन केला. मसोलीहून ते अर्ध्या तासात आले. स्टुलावर बसले. रेकॉर्डरची पिशवी त्यांच्या मांडीवर होती. आवाज लहान होता, पण शब्द स्पष्ट होते आणि गाणी क्रमाने येत होती, पहिल्यापासून. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्या माणसांना गप्प केलं. सुनीता म्हणाली, “काका, मशीन लावा.” जयंतभाईंनी नकारार्थी मान हलवली. ती पुन्हा म्हणाली. त्यांनी दोन्ही हात पिशवीवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. चैतीबाई तासाभराहून जास्त गात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

फेब्रुवारीत मी जयंतभाईंना दुकानात भेटलो. अल्बम लागलेला नव्हता. रेकॉर्डर का लावला नाही, असं विचारलं.

“ती नाही म्हणाली होती.”

“ते तीन वर्षांपूर्वी. आता ती तापात होती. तिला कळलंही नसतं.”

“म्हणूनच,” ते म्हणाले.

मग ते उठले, एका बॉक्सवरची धूळ हाताने पुसली आणि माझ्याकडे न बघता बोलले. “मी सगळं ऐकलं. एक ओळ सांगा म्हणालात तर येत नाही. आयुष्यभर नुसतं ऐकतच आलो ना.”

सुनीता त्यांच्याशी दोन महिने बोलली नाही. मला ती म्हणाली की तिला राग आला होता, पण तो सगळा त्यांच्यावर नव्हता. तिच्या हातात फोन होता. त्यात रेकॉर्डिंगची सोय होती. “काका समोर बसले होते म्हणून मी पण नाही लावलं.”

लग्न पुढे गेलं आणि मे २०१९मध्ये झालं. बॉक्स लावले नाहीत. सुनीता स्वतः मसोलीला येऊन जयंतभाईंना आमंत्रण देऊन गेली. दुसऱ्या पाड्यावरून एक धवलेरी आणली होती, चैतीबाईपेक्षा वयाने बरीच लहान. काही लग्नांत ती चैतीबाईच्या मागे बसलेली होती. नवऱ्याचे मित्र आले होते, जेवले, नाचले नाहीत. लग्न लागलं. संध्याकाळी जयंतभाई एकटेच परत आले. काय झालं ते त्यांनी नलिनीवहिनींना सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पावसाळ्यात त्यांनी बॉक्स उंबरगावच्या एका माणसाला विकले. नंतर ते दुकान उघडत, बाकड्यावर बसत आणि दुपारी बंद करत.

त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा दिवसांनी नलिनीवहिनींनी रेकॉर्डर माझ्याकडे दिला. त्यात काही असेल तर सुनीताला द्यावं, म्हणाल्या. त्यात एकच रेकॉर्डिंग होतं, मे महिन्यातल्या लग्नाचं. मी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि त्याची प्रत सुनीताला नेऊन दिली.

रेकॉर्डिंग एक तास अकरा मिनिटांचं आहे. पहिली चार गाणी पूर्ण आहेत. पाचवं सुरू होतं आणि दुसऱ्या ओळीनंतर थांबतं. नवी धवलेरी विचारते, “चैतीबाय फुडं काय बोलायची?” बायकांतली एक जण दोन शब्द म्हणते, तीही थांबते. मग सुनीताचा आवाज येतो. “काका, तुम्ही ऐकलं होतं ना?”

त्यानंतर रेकॉर्डिंग सव्वीस मिनिटं चालू आहे. त्यात विधी उरकल्याचे आवाज आहेत, गाणं नाही.