महावीरच्या नावावरचा लेख

दोंडाईच्यात दुकानाची पाटी रंगवून घ्यायची असेल तर लोक पुना भाईदास सोनवणेकडे जातात. स्टेशनच्या रस्त्यावर पत्र्याच्या आडोशाला त्याचे काम चालते. वय वीस. अक्षर असे की पाटी लांबूनही एका दमात वाचता यावी. दिलेला दिवस चुकवत नाही आणि रंगात पाणी घालत नाही. मिरचीचे व्यापारी मिश्रीलाल शेठ यांची पाटी मात्र तो रंगवत नाही. शेठनी दोनदा माणूस पाठवला, दोनदा तो परत गेला.

याचे कारण अडीच वर्षांपूर्वीच्या एका लेखात आहे.

१९५७ च्या दिवाळीआधी रशियाने स्पुटनिक सोडला आणि गावातल्या हायस्कूलच्या अकरावीला दुसरा विषयच उरला नाही. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी पोरे कापसाच्या जिनाच्या भिंतीवर चढून आकाशाकडे बघत बसत. दिसले कोणालाच नाही, पाहिल्याचे तिघांनी शपथेवर सांगितले. त्या वर्षीच्या हस्तलिखिताचा विषय वर्गशिक्षक बागूल सरांनी तिथेच ठरवला : पंचवीस वर्षांनंतरचे यंत्रयुग.

हस्तलिखित म्हणजे अकरावीचा मान. मुलांनी लेख लिहायचे, सर्वांत चांगल्या अक्षराच्या मुलाने ते जाड कागदावर उतरवायचे, चित्रे काढायची, बांधणी करायची आणि जानेवारीच्या संमेलनात पाहुण्यांच्या हातून प्रकाशन करायचे. प्रत एकच. बांधणी झाली की ती रेशमी कापडात गुंडाळून सरस्वतीच्या तसबिरीपुढे ठेवत, हळदकुंकू वाहत. पाहुण्यांनी गाठ सोडेपर्यंत कोणी उघडायची नाही, असा शाळेचा नेमच होता.

लेख तीसएक आले. शेतात नांगराशेजारी टेलिफोन असेल, असे एकाने लिहिले. वर्गातल्या दोन मुलींपैकी लताने विजेवर भाकरी थापणाऱ्या यंत्राबद्दल लिहिले, आणि ते यंत्र पुरुषांनाही चालवता आले पाहिजे अशी अट घातली. त्यावर वर्ग आठवडाभर हसला. एकाने अणुशक्तीने परीक्षाच बंद करून टाकल्या.

पुनाचा लेख मिरचीचे देठ खुडणाऱ्या यंत्राबद्दल होता. हमालवाडीत राहणारे त्याचे वडील भाईदास जिनात इंजिनाला तेलपाणी करत. आई मंदाबाई मिश्रीलाल शेठच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मोकळ्या मैदानावर, देठ खुडायला जाई. हंगामात तिच्या बोटांची इतकी आग होई की पीठ मळायचे काम घरात पुनाकडे असे. कापसातून सरकी वेगळी करणारे यंत्र त्याने लहानपणापासून बघितले होते. सरकी निघते तर देठ का निघू नये, एवढाच त्याचा प्रश्न. दोन रूळ, त्यांच्यामधले अंतर, वारा सोडून देठ उडवण्याची सोय, हे सगळे त्याने आकृतीसह सहा पानांत मांडले. शंभर मिरच्या घेऊन देठाची जाडी मोजली होती.

त्या लेखाला आणखी एक किंमत होती. धुळ्याच्या एका कारखान्याचे मुख्य इंजिनिअर संमेलनाचे पाहुणे होते. ज्याचा लेख पसंत पडेल त्या मुलाला मॅट्रिकनंतर दोन वर्षे आपल्या कारखान्यात शिकायला घेईन, असे त्यांनी मुख्याध्यापकांना कळवले होते. राहणे-जेवण कारखान्याचे. पुनाला दोंडाईच्यातून बाहेर पडायला तेवढी एकच वाट होती, आणि ती आपली आहे याबद्दल त्याला शंका नव्हती.

संपादक होता महावीर, मिश्रीलाल शेठचा मुलगा. कागद, शाई आणि मांडवाचे कापड शेठकडून आले होते, त्यामुळे दुसरे कोणी संपादक होण्याचा प्रश्न नव्हता. महावीरचा अग्निबाणावरचा लेख वर्तमानपत्रातून जसाच्या तसा घेतला आहे, हे बागूल सरांनी ओळखले आणि तो परत दिला. संपादकाचा लेख नाही असे चालणार नव्हते. तिसऱ्या दिवशी चित्रकलेच्या खोलीत, जिथे पुना लेख उतरवत बसला होता, तिथे महावीर आला आणि त्याने पुनाच्या लेखाखाली आपले नाव घालायला सांगितले.

‘‘आणि माझं?’’ पुनाने विचारले.

‘‘तुझं शेवटच्या पानावर येईलच की. सुलेखन, पुना सोनवणे.’’

पुना सरांकडे गेला. सरांनी चष्मा पुसला, शाळेला मांडव लागतो हे सांगितले, आणि पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. अकरावीला पुढचे वर्ष नसते. मुख्याध्यापकांकडे तो गेला नाही. परत येऊन त्याने टाक घासून स्वच्छ केला आणि महावीरच्या नावाने लेख उतरवायला घेतला. वर्गाला वाटले, पोरगे नमले.

त्याने लेखात एकच बदल केला. सहाव्या पानावर तीन वाक्ये वाढवली. त्याच शाईत, त्याच अक्षरात. बांधणी त्यानेच शिवली, कापडात गुंडाळली, कुंकूही त्यानेच वाहिले.

संमेलनाच्या दिवशी दुपारी मांडव भरला. पुढच्या खुर्च्यांवर व्यापारी, मधे मुले, मागे जमिनीवर हमाल आणि पथारीवरच्या बाया. मिश्रीलाल शेठ पाहुण्यांच्या उजव्या हाताला होते. इंजिनिअरसाहेबांनी गाठ सोडली, पाने चाळली, आकृतीपाशी थांबले आणि हा लेख वाचून दाखवा म्हणाले. संपादकाने आपला लेख वाचायचा, हीही चाल होतीच. महावीरने हस्तलिखित हातात घेतले. त्या लेखाची पहिली दोन पाने त्याने पूर्वी वाचली होती, पुढची आता प्रथमच पाहत होता. आवाज चांगला होता. वाचणाऱ्याचे डोळे जिभेच्या चार शब्द पुढे असावे लागतात, त्याचे नव्हते.

सहाव्या पानावर तो वाचून गेला : ‘‘आमच्या पथारीवर वजन करण्याआधी ढिगाच्या तळाला दोन हंडे पाणी मारतात. ओल्या मिरचीचा देठ रुळात धरता येत नाही. म्हणून यंत्र बसवण्यापूर्वी माझ्या वडिलांना ही सवय सोडावी लागेल.’’

‘सवय’पर्यंत आल्यावर त्याला समजले, पण तोंड वाक्य संपवून थांबले. मांडवात मागून, जमिनीवरून, हसणे सुरू झाले. ते पुढच्या खुर्च्यांपर्यंत यायला वेळ लागला नाही.

पुना पडद्याच्या दोरीपाशी उभा होता. त्याचा हिशेब साधा होता. महावीर वाक्य नाकारेल, तर लेख चोरीचा ठरेल. नाकारणार नाही, तर बाप लबाड ठरेल. तिसरी वाट त्याने ठेवली नव्हती.

‘‘हे वाक्य माझं नाही,’’ महावीर म्हणाला.

इंजिनिअरसाहेबांनी शांतपणे विचारले, ‘‘मग या लेखात तुझं काय आहे?’’

महावीरने बापाकडे पाहिले. मिश्रीलाल शेठ उठले. माणूस बाजारात मुरलेला होता. चोर मुलापेक्षा वात्रट मुलगा स्वस्त पडतो हे त्यांना कळायला एक क्षण पुरला. हसून म्हणाले, ‘‘साहेब, लेख पोराचाच आहे. कुठलं तरी ऐकलं आणि लिहिलं. लहान आहे.’’

पुनाला हवे होते तेवढे घडले होते. पुढचे त्याच्या हिशेबात नव्हते. इंजिनिअरसाहेब उभे राहिले आणि म्हणाले की आकृती काढणारी मुले त्यांना पुष्कळ भेटतात, भर सभेत स्वतःच्या बापाबद्दल खरे लिहिणारा पहिलाच भेटला. लिहून घाबरला, ते वयाला धरून आहे. असा मुलगा मला कारखान्यात हवा. शेठना नाही म्हणता येईना. लेख पोराचाच, हे त्यांनी नुकतेच सांगितले होते. टाळ्या झाल्या. पुनाला पडदा ओढायची खूण झाली आणि त्याने तो ओढला.

दुसऱ्या दिवशी मंदाबाईला पथारीवरून परत पाठवले. बाया जास्त झाल्या, एवढेच कारण सांगितले. तिने घरी येऊन मुलाला विचारले, ‘‘ते तू लिखं का?’’

‘‘महावीरनं नाव शे तठे,’’ तो म्हणाला; तिथे नाव महावीरचे आहे, एवढेच. ती दुसरे काम शोधायला निघाली. दुसऱ्या व्यापाऱ्याची पथारी गावाबाहेर होती. तिथे जायला तिला पाऊण तास जास्त चालावे लागे.

शेठचे नुकसान बाजारात झाले. पाणी खरोखर मारत होते का, असे हमालांना विचारले तर ते अजूनही फक्त हसतात. पण त्या हंगामापासून बाहेरगावचे खरेदीदार मिश्रीलाल शेठच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालू लागले. तळाची मिरची काढून कानाशी धरून मोडून बघत, कोरडी वाजते की नाही. हमाल काटा लावताना आभाळाकडे पाहून विचारत, ‘‘शेठ, रातले पाऊस पडना का?’’ पुना रोज त्याच रस्त्याने जाई. लांबची वाट होती तरी.

महावीर मॅट्रिक होऊन धुळ्याला गेला. पहिल्याच आठवड्यात त्याला रुळांची आकृती पुन्हा काढायला सांगितली. ती त्याला आली नाही. साहेबांनी त्याला हाकलले नाही. कानस हातात देऊन लोखंड घासायला बसवले आणि दोन वर्षे तिथेच ठेवले. पुनाही मॅट्रिक झाला. त्याने पाट्या रंगवायला सुरुवात केली.

गेल्या ज्येष्ठात महावीर धुळ्याहून परत आला. आठ दिवसांनी तो पत्र्याच्या आडोशाला येऊन उभा राहिला. पुना एका किराणा दुकानाची पाटी लिहीत होता. मंदाबाई भाकर घेऊन आली होती, ती बाजूला बसली होती.

महावीरने बसू का असे विचारले नाही. सरळ सांगितले की बाबूजी दुकानापुरते बोलतात, घरात त्याच्याशी एक शब्द बोलत नाहीत. ताट वेगळ्या वेळी घेतात. आई मधे पडून थकली. अकरावीची पोरे दर वर्षी ते हस्तलिखित कपाटातून काढतात, सहावे पान उघडतात, आणि संध्याकाळपर्यंत ते बाजारात येते.

‘‘ती ओळ तू घातली, असं बाबूजींना सांग. पथारीवरच्या बायांकडून ऐकून मीच लिहिली, असं ते धरून बसलेत,’’ तो म्हणाला.

‘‘लेख कोणाचा?’’

‘‘तुझा.’’

‘‘कपाटात कोणाच्या नावावर शे?’’

महावीर म्हणाला, ‘‘मी मुख्याध्यापकांना लिहून देतो. इंजिनिअरसाहेबांनाही देतो. लेख तुझा, आकृती तुझी, मी चोरला. साहेब अजून त्या यंत्राचं विचारतात. ते तुला घेतील, पुना. वय गेलं नाही तुझं.’’

पुनाचा कुंचला थांबला. मंदाबाईनेही मान वर केली. अडीच वर्षांपूर्वी गेलेली जागा कोणीतरी परत आणून समोर ठेवली होती आणि ती खरी होती. महावीर त्या दिवशी खोटे बोलत नव्हता.

‘‘लेख माझा झाला, तर ओळ पण माझी होईल,’’ पुना म्हणाला.

‘‘हो.’’

‘‘मग लोक म्हणतील, हमालवाडीतल्या पोरानं जळून लिहिलं. तुझा बाप सुटला.’’

‘‘त्यात तुझं काय जातं?’’

‘‘लिहून देऊ नको. दिलं, तर मी सांगेन, तो लेख मी कधी पाहिला नाही. मी फक्त उतरवून काढला.’’

महावीरने मंदाबाईकडे पाहिले. ‘‘अक्का, तुम्ही तरी सांगा.’’

मंदाबाईने भाकरीचे फडके सोडले. ‘‘मी काय सांगू, भाऊ. तुना बाप पोऱ्याशी बोलत नही. मना पोऱ्या आसाच बोलस.’’

महावीर गेला. त्याने कोणाला काही लिहून दिले नाही. लिहिणाऱ्यानेच नाकारले असते तर त्या कागदाला अर्थ उरला नसता. धुळ्याच्या कारखान्यात यंदा दुसराच मुलगा घेतला. पुनाने कुंचला रंगात बुडवला आणि पाटीवरचे राहिलेले अक्षर पुरे केले. अक्षर बिघडले नव्हते, तरी त्याने ते पुसून पुन्हा लिहिले.