पद्माबाईची जिलेबी

माझी धाकटी बहीण पद्माबाई कुरुंद्याची. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स. सुई अशी टोचायची की तिची पाठ फिरल्यावर लेकराला रडायची आठवण यायची. पण मनात धरलेलं सोडायची न्हाई. लहानपणी मी तिची बाहुली विहिरीत टाकली, तर चार वर्षांनी, ऐन सातवीच्या परीक्षेदिवशी, माझ्या चपला त्याच विहिरीत तरंगत होत्या!

भागवतवर तिचा राग अकरा वर्षांचा. या दलालानं चोरट्या सोनोग्राफीवर 'मुलगी' सांगितलं अन् सासरच्यांनी पद्माबाईच्या लेकीचा, निलमचा, गर्भ पाडवला. पुन्हा तिला दिवस गेले न्हाईत. भागवतचा व्यवहार सासरच्यांशी. पद्माबाईला त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

आईच्या रक्तात बाळाच्या मोजक्या पेशी फिरत असतात म्हणे. पोटात सुई न घालता त्या वेचून बाळाचा आजार ओळखायची तपासणी आता निघाली आहे. यंदा भागवत पठ्ठ्यानं त्या तपासणीच्या नावावर बेकायदा मुलगा-मुलगी सांगायचा धंदा मांडला. "बाईला आणायची तकलीफच न्हाई, नुसतं रक्त आणा."

हे ऐकून पद्माबाई माझ्याकडं आली. "दादा, बाही वर कर."

"काहून गं?"

"तुला दिवस गेलेत."

माझं रक्त तिच्या सुनेच्या नावानं गेलं. आठ दिवसांनी वारंगा फाट्याच्या हॉटेलात भागवत पद्माबाईला निकाल सांगायला आला. शेजारच्या टेबलावर मी अन् आरोग्य खात्याचे दोन साहेब भजी खात बसलेलो. तो हळूच म्हणाला, "मावशी, पेढे न्हाई, जिलेबी हाय. म्हणजे पोरगी. लवकर मोकळं करा, दवाखाना मी दाखवतो."

"बराबर बघितलं ना?"

"शंभर टक्के! लेकराच्या पेशी खोटं बोलतात व्हय?"

पद्माबाईनं हाक मारली, "दादा, ऊठ रे. तुह्या पोटात पोरगी हाय म्हणतो हा!"

मी मिशीवरून हात फिरवत उठलो, पोट पुढं काढून. सगळं हॉटेल हसून लोळलं. भागवत पांढरा पडला. साहेबांनी त्याला दोन्हीकडून धरलं.

पद्माबाईनं जिलेबीची प्लेट त्याच्यापुढं सरकवली. "खा. निलमची आई हाय मी."

"मावशी, माफ करा. घरी लेकरं हायत माझी."

"माह्या लेकीला न्हाईत."

आता दर तारखेला ती कोर्टात जाते, मलाही नेते; गर्भार माणसाला घरी एकटं ठेवू नये म्हणते. भागवत बाहेर आला की ती व्हरांड्यातल्या बाकावर पुडा सोडते अन् त्याच्या डोळ्यांत बघत जिलेबी खाते. साखरेचा आजार हाय तिला.

"मरशील की, बाई."

"त्याला सजा झाल्याशिवाय न्हाई."