शेपटीचं लिंबू

विमान उडवायचा दिवस, नि बघायला सगळ्यात आधी टपकल्या आमच्या वन्सं, टेंभी नाक्याहून. चहा व्हायच्या आत सुरू, “पोरीची जात, विमानं कसली बनवते गं?”

नात ऋचाने थर्माकोलचं रिमोटवालं विमान एकटीने बनवलंय हो! पंखांखाली दोन बोटं धरून तोल बघत सकाळभर बॅटरी पुढेमागे सरकवत होती.

ठाकुर्लीच्या मैदानात मी गुपचूप शेपटीला लिंबू-मिरची बांधली. वन्संची नजर वाईट ना! उडताच विमानाने नाक वर केलं नि धाडकन आपटलं. शेपूट जड झालेली, माझ्यामुळे.

“म्हटलं नव्हतं?” वन्सं हसल्या.

ऋचाने लिंबू पाहिलं, खिशात लपवलं. “माझंच चुकलं, आत्याआजी.”

मी मेली गप्प बसले.

बायांनो, तुम्ही बोलला असतात का? वन्सं रविवारी परत येतायत.