मदर सिरियस

आमच्या भागात तार आली की बायका आधी रडायला लागायच्या, मग कुणीतरी ती वाचायला घ्यायचं. तारेत माणूस कधीच मेलेलं नसायचं, 'सिरियस' असायचं. पोरानं वाटेत हाय खाऊ नये म्हणून सगळे तसंच लिहायचे, आणि 'सिरियस' म्हणजे काय समजायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी ती तार केली.

धाकटा भाऊ फौजेत भरती होऊन चार महिने झाले होते. वडील नव्हते, तेव्हा त्याला भरतीला नेणारा आणि धीराची पत्रं लिहिणारा मीच. दुष्काळाचं साल होतं. मी दूध संस्थेत कारकून, पण जनावरं छावणीत गेलेली आणि कॅन पालथे पडलेले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी माझी गत. भावाची पत्रं यायची, पाय सोललेत, घरची लई आठवण येतीय. आई रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायची. दुपारी भाकरी सोडली की "त्यो जेवला आसंल का रं?" म्हणत अर्धी तशीच गुंडाळून ठेवायची. ट्रेनिंगमध्ये रजा मिळत नसे. चार दिवस घरी आला तर दोघांनाही बरं वाटेल, असं माझ्या मनानं घेतलं. कुणाला न विचारता मी उमरग्याला गेलो आणि तार ठोकली : मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली. स्वतःच्या हुशारीवर इतका खूश, की येताना हॉटेलात बसून भजी खाल्ली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मी आईला पाणी घेऊन रस्त्याच्या कामावर गेलो होतो. एसटी थांबली आणि तो उतरला. त्याच्या तोंडावर मिशी नव्हती. अग्नी तर आपल्यावाचून दिलाच असणार, असं धरून त्यानं सोलापुरातच न्हाव्यापुढं बसून डोकं आणि मिशी उतरवली होती. आई खडीच्या ढिगाशी बसली होती. ती दिसताच ट्रंक टाकून तो मटकन खाली बसला आणि तिचे पाय चाचपून चाचपून बघायला लागला.

आई रडतही होती, हसतही होती. मग म्हणाली, "मिशी का रं काढलीस?"

मी घाईघाईनं म्हणालो, "फौजेत काढायलाच लावत्यात, आई."

भावानं माझ्याकडं बघितलं. "व्हय," म्हणाला.

रजा दहा दिवसांची होती, तो सहाव्या दिवशीच निघाला. तोवर माझ्याशी शब्द बोलला नाही. एसटीत चढताना मात्र म्हणाला, "तिथं काय सांगू, दादा? खोटी रजा कळली तर घरी धाडत्याल." मी त्याची ट्रंक वर दिली. "कायबी सांग," म्हणालो. असला मी पाठीराखा!

त्याला काही सांगावंच लागलं नाही. तोंडाकडं बघून सगळे समजले, आणि तो गप्प राहिला. हे मला पुढं त्याच्या पत्रातून कळलं. ट्रेनिंग संपून शपथ घ्यायची वेळ आली होती. त्यानं लिहिलं होतं, 'कसमेच्या परेडला घरच्यांना बोलावलंय. दादा, तुमी एकलेच या. आईला आणू नका. हितं ती गेलेली हाय.'

आईनं ठेवणीतलं लुगडं धुऊन वाळत घातलं होतं. मी तिला सांगितलं, बायकांना आत सोडत नाहीत. तिनं तेही खरं मानलं. "बरं, मग तू नीट बघून ये. समदं सांग मला," म्हणाली.

परेडला माझ्या दोन्ही अंगांना आयाच आया होत्या. आपलं पोर कुठलं ते ओळखू येईना, म्हणून उभ्या ओळीलाच ओवाळल्यासारखे हात करत होत्या. नंतर भावाला कवायत शिकवणारे उस्ताद त्याला घेऊन माझ्याकडं आले. साताऱ्याकडचे होते. माझा हात धरून म्हणाले, "आईचे दिवस व्हायच्या आत परत आला हो तुमचा भाऊ. एकदा रडला नाही. माउली हे बघायला पाहिजे होती."

मी मान खाली घातली. त्यांना ते दुःख वाटलं. "रडा, मोकळे व्हा," म्हणाले. मला रडू येत नव्हतं, जीव जाईल इतकी लाज वाटत होती. आणि भाऊ शेजारी सावधानमध्ये उभा होता, समोर बघत.