‘कनेक्शन बंदच करा’ म्हणालो

हसायचं तर हसा, पण मी काय करून ठेवलं ते आधी ऐकून घ्या. एवढा मूर्खपणा मी शाळेत असतानाही केला नव्हता. आणि कोणी जबरदस्ती केली होती का? नाही. आपल्याच हाताने, आपल्याच फोनवरून.

डिलाईल रोडला आमची चाळ. घरात मी, बायको शैला आणि आई. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. महिन्यापूर्वी शेजारच्या चाळीत टीव्हीवाले आले होते. बायकांचे खेळ, गप्पा, बक्षिसं, तो कार्यक्रम. आईने चष्मा न लावता सगळ्यांच्या आधी सुईत दोरा ओवला आणि मिक्सर जिंकून आली. भाग दाखवणार गुरुवारी, साडेसहाला. आईने आख्ख्या मजल्याला आमंत्रण दिलं. वरळीहून मावशीलासुद्धा बोलावलं.

आणि आठ दिवस आधी आमच्या टीव्हीवरून नेमकं ते चॅनेलच गायब. पडद्यावर निळी पाटी. आमची डिश कंपनी आणि चॅनेलवाले यांचं दरावरून वाजलं होतं.

शैला म्हणाली, “शेजारी सावंतवहिनींकडे दुसऱ्या कंपनीचं आहे, तिथे दिसतंय. गुरुवारी तिथे बघू.”

विषय तिथेच संपत होता की नाही? पण माझ्या ऑफिसात पेडणेकर आहे. तो म्हणाला, “अरे, चॅनेल दिसत नाही तर पैसे का सोडतोस? फोन कर, क्रेडिट माग. बंद करतो म्हणून दम दे, धावत येतात बघ.”

मला पटलं. मला असलं लगेच पटतं.

सोमवारी फोन लावला. वीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक मुलगी आली. आवाज गोड. म्हणाली, “सर, गैरसोयीबद्दल माफी मागते. तुमच्या रिचार्जमध्ये चार दिवस वाढवून देते.”

चार दिवस. घ्यायचे ना मुकाट्याने? मी म्हणालो, “चार नाही, चॅनेल सुरू होईपर्यंतचे सगळे हवेत.”

आई कॉटवर बसून ऐकत होती. म्हणाली, “बाबू, माका चॅनेल होया. दिवस कित्याक?”

“आई, तुला नाही कळायचं. हक्काचा प्रश्न आहे.”

मंगळवारी पुन्हा फोन. बुधवारी पुन्हा. बुधवारी माझा तोल गेला आणि पेडणेकरचं ब्रह्मास्त्र काढलं. “असं असेल तर कनेक्शन बंदच करा माझं.”

“नक्की सर?”

“नक्की.”

मी वाट बघत होतो, आता ही गयावया करणार, साहेबाला बोलावणार. ती म्हणाली, “ठीक आहे सर, तुमची रिक्वेस्ट घेतली आहे. आणखी काही मदत करू शकते का?”

तासाभरात टीव्ही काळा. आधी एकच चॅनेल नव्हतं, आता सगळीच गेली. बातम्या, भजनं, सगळं. शैलाने नुसतं माझ्याकडे बघून रिमोट कपाटावर ठेवला.

गुरुवारी दुपारी त्या दोघांचं मिटलं. कंपनी आणि चॅनेल एक झाले, वर्गणीदारांची चॅनेलं परत आली. खालच्या मजल्यावर आलं, समोरच्या चाळीत आलं. आमच्याकडे कुठून येणार? आम्ही वर्गणीदारच नव्हतो.

सहाला बायका जमल्या. आईने शूटिंगला नेसलेलीच साडी नेसली होती. काळ्या टीव्हीसमोर दोन मिनिटं सगळ्या बसल्या आणि मग कांद्याच्या भज्यांची ताटं घेऊन सावंतांकडे गेल्या. आई मागून गेली, भिंतीला हात लावत. स्वतःचा कार्यक्रम बघायला दुसऱ्याच्या घरी.

मला लाज वाटत होती. वाटलं, निदान अर्धा भाग तरी आईला आपल्या घरात दाखवू. म्हणून गॅलरीत उभा राहून फोन लावला. नव्या मुलाने विचारलं, जन्मतारीख सांगा. नंबर सांगा. ओटीपी सांगा. मग म्हणाला, पुन्हा चालू व्हायला दोन दिवस लागतील. मी असा ओरडलो की खाली रस्त्यावरून जाणाऱ्याने वर बघितलं. “दोन दिवस? मॅनेजरला दे आधी. मॅनेजरला दे म्हणतो ना.”

तेवढ्यात सावंतांच्या घरातून हसण्याचा स्फोट झाला. आख्खी खोली हसत होती. थांबेचनात.

मी फोन ठेवून दारात गेलो. मावशी डोळे पुसत होती. सावंतवहिनींनी पदर तोंडात धरला होता. फक्त आई हसत नव्हती. ती मान खाली घालून भज्याचा तुकडा मोडत होती.

घरी आल्यावर शैलाला विचारलं, “कशाला हसलात?”

ती म्हणाली, “टीव्हीवर आईंना विचारलं, मुलगा कसा आहे? आई म्हणाल्या, माजो झील गायीसारखो गरीब. कधी कोणावर आवाज चढवणा नाय. आणि त्याच क्षणाला तुम्ही बाहेरून, मॅनेजरला दे.”

मी आईजवळ जाऊन बसलो. म्हटलं, “चुकलं गं आई.”

तिने पाण्याचा घोट घेतला, तांब्या खाली ठेवला.

“दाखवन झाला मा आता,” ती म्हणाली. “टीव्हीवाल्यांका परत बोलावन माजा ता खोटा काढून टाकूक सांगू?”