अचोलच्या मागची रांग

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर मला पोचवायला अर्धी आळी आली होती. शेजारच्या काकूंनी विचारलं, "आफ्रिकेत वाघ हाये काय वो?"

"नाई."

"मंग आपल्यापेक्षा बरं हाये. जा!"

बाबा तेवढं म्हणाले, "कोणी जेव म्हटलं त नाई म्हणू नोको. उपाशी माणसाले मुलूख जास्तच परका वाटते."

मी कृषी पदवीधर. युगांडाच्या उत्तरेला, निर्वासितांच्या वस्तीत धानाचं काम करायला निघाले होते. तिथं पहिलं जेवण मला अचोलनं दिलं. दक्षिण सुदानमधल्या लढाईतून ती लेकरांना घेऊन पायी आली होती. ग्रेस नावाच्या गावकरी बाईची पाणथळ जमीन तिनं कसायला घेतली आणि आम्ही धान लावला. गुडघाभर चिखलात उभी राहिले की मला परदेशात आल्यासारखं वाटतच नसे.

पीक चांगलं आलं, धान भरडायची गिरणी आली आणि ती कोणी चालवायची यावरून भांडण पेटलं. गावकरी म्हणाले, "जमीन आमची, गिरणीची समितीही आमचीच." वस्तीचं रेशन तेव्हाच कमी झालं होतं. गिरणीच्या कारभारात शब्द नसेल तर निर्वासितांनी खायचं काय?

आंब्याखाली सभा भरली. मला विचारलं तेव्हा मी आपल्याकडच्या बंगाली निर्वासितांच्या गावांबद्दल सांगितलं. आजोबांच्या काळी पाण्यावरून वाद होते. आज त्यांची मासळी आल्याशिवाय आपला बाजार भरत नाही.

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "त्यांना मत देता येतं?"

"येतं."

अचोल उठली. "मी एकदाच मत दिलं, आमचा नवा देश व्हावा म्हणून. देश झाला आणि मलाच तिथून पळावं लागलं. इथलं सरकार निवडायला मी मत मागत नाही. गिरणीपुरतं तरी द्या."

बरीच कुरकुर झाली, पण शेवटी ठरलं: समितीचा प्रमुख निवडायला गाव आणि वस्ती, सगळ्यांनी मत द्यायचं. तिथं ज्याला मत द्यायचं, त्याच्या मागं उभं राहतात. सरपंचाच्या भावामागं गावकऱ्यांची लांबलचक रांग लागली. दुसरी उमेदवार अचोल; तिच्यामागं वस्तीची आखूड रांग, ती समोर बघत ताठ उभी. तेवढ्यात ग्रेस गावकऱ्यांच्या रांगेतून निघाली आणि सरळ अचोलच्या मागं येऊन उभी राहिली. मग तिच्या जावा आल्या, शेजारणी आल्या. मोजणीत अचोलचीच रांग लांब भरली. टाळ्या वाजल्या तेव्हा कुठं तिनं वळून पाहिलं. तिनं तोंडावर हात धरला आणि बायांनी असा गलका केला की आंब्यावरची पाखरं उडाली.

गिरणी आता रोज चालते. सरपंचाचे ते हरलेले भाऊही धान घेऊन येतात आणि अचोलशी हुज्जत घालून तांदूळ नेतात.

परवा सुट्टीवर गावी आले. अचोलनं दिलेला तांदूळ आईनं शिजवला, वर झिंग्यांचा रस्सा वाढला. "चांगला हाये वो. पुढच्या बारी तिलेच घेऊन ये," आई म्हणाली.

युगांडाला परत निघताना आई बसच्या खिडकीशी आली. "घरी पोचली का फोन कर," म्हणाली.

घरी! बाबांनी तिच्याकडं पाहिलं, मी बाबांकडं. आईची चूक कोणीच दुरुस्त केली नाही. गाडी सुटली.