एका ठोक्याला एक टिंब

अख्ख्या मानोरा गावात एकसारखी चालणारी वस्तू एकच होती, आमच्या शेजारच्या तारबाबूंचा उजवा हात. रस्ता खालीवर, मोटर आली तर आली, माणसांच्या जिभेचं तर बोलूच नका. मी चौथीत शाळा सोडली, पण इंजिन कसं चालतं आणि माणूस कसा चालतो हे मला कोणी शिकवायची गरज नाही. म्हणून सांगतो, असा माणूस पुन्हा झाला नाही, आणि यावर मी कोणाचं ऐकून घेणार नाही.

बाबूंचं पोस्ट आणि माझी पिठाची गिरणी यांच्यात एकच भिंत. तिकडे बाबू खटका दाबून वाशीमला तार पाठवायचे, कडकट्ट, कडकट्ट. टिंब आखूड, रेघ लांब, आणि दोघांचं माप तसूभर हलता कामा नये, हा त्यांचा धर्म. टिंब जरा लांबलं की ऐकणारा त्याला रेघ समजतो आणि सगळा मजकूर नासतो. हा धर्म त्यांनी खटक्यापुरता ठेवला असता तर गाव सुखी राहिलं असतं. पण ते घाससुद्धा एका लयीत चावायचे. चालताना कुत्रं आडवं येऊन पाऊल चुकलं, तर पोस्टाच्या पायरीपर्यंत परत जाऊन नव्यानं निघायचे. बायको भाकर थापत असली की बाहेरून ओरडायचे, "थाप चुकली!" ती माउली तवा आपटून म्हणायची, "मंग तुमीच थापा अन् तुमीच गिळा." एका लग्नात तर त्यांनी वरात अडवून ढोलवाल्याच्या हातातली टिपरी काढून घेतली. नवरदेव घोड्यावर ताटकळला आणि बाबू ढोलवाल्याला टिंब शिकवत बसले.

माझ्या गिरणीशी त्यांचं उभं वैर. इंजिनाच्या धुराड्यावर मी पत्र्याचा डबा लावला होता. सकाळ-संध्याकाळ गिरणी चालली की तो पुक-पुक-पुक वाजायचा, म्हणजे बायांना घरबसल्या कळायचं. दुपारी गिरणी बंद. बाबू भिंतीवर मुठी आपटायचे, "अबे गिरणीवाल्या, बंद कर तुयं ते भूत!" मी म्हणायचो, "बाबूजी, तुमच्या तारेनं कोणाचं पोट भरते काय जी?" त्यांच्या ओरडण्यानं बंद मी कधीच केली नाही.

मग बाबूंना हिवताप आला. ताप गेला, पण थरथर हातात ठेवून गेला. वाशीमचा तारवाला घडीघडी 'पुन्हा पाठवा' म्हणू लागला. दुपारच्या तारा तर फारच नासायच्या. शेवटी अकोल्याहून साहेब तपासणीला येणार, असा हुकूम आला. त्यांच्यासमोर एक लांबलचक मजकूर पाठवायचा, संधी तीनच. वाशीमनं तो न अडता उतरून घेतला तर ठीक, नाहीतर खटका दुसऱ्याच्या हाती आणि बाबू तिकिटांच्या खिडकीवर. आदल्या संध्याकाळी ते माझ्या पायरीवर येऊन बसले, उजवा हात मांडीखाली दाबून. "तिकिटं चिकटवाले हात नाही लागत बे, थुंकी लागते," एवढंच बोलले.

दुसऱ्या सकाळी, साहेब पोस्टात शिरले तसं, मी भर दळणाच्या वेळी गिरणी बंद केली. आयुष्यात पहिल्यांदा. बायांची रांग खवळली. पलीकडे खटका सुरू झाला, आणि चाक निखळलेलं बैलांचं खाचर चालावं तसा चालला. वाशीमनं अडवलं. पुन्हा सुरू, पुन्हा अडवलं. मग एकदम भिंतीवर मूठ.

"अबे गिरणीवाल्या! मेला काय तू? बंद काहून केली?"

"तुमच्यासाठीच केली ना जी!"

"मंग माह्यासाठीच चालू कर! दुपारी तू बंद ठेवतं, अन् दुपारीच माहा हात भटकते. आत्ता उमजलं बे मले!"

मी हँडल मारलं. डबा बोलू लागला. "दाणा एकसारखा सोड!" भिंतीपलीकडून हुकूम आला. बरोबरच होतं, दाणा जास्त पडला की इंजिन दबतं आणि ठोका लांबतो. मी हाताची आड धरून ज्वारी अशी सोडली, जशी बाळाच्या तोंडात दुधाची धार. रांगेतली एक बाई म्हणाली, "काय रे, दळून राह्यला का जप करून राह्यला?" मी मान वर केली नाही. पलीकडे एका ठोक्याला एक टिंब पडत होतं, दोन ठोक्यांना एक रेघ. पुक-पुक, कट-कट. खाचर डांबरी सडकेला लागलं होतं. वाशीम एकदाही अडलं नाही. शेवटी तिकडून उत्तर आलं, सगळं साफ मिळालं.

साहेब म्हणाले, "खटका तुमच्याकडेच राहील. पण हा आवाज कसला?"

बाबूंनी छाती काढली. "साहेब, ते आपल्या खात्याचंच इंजिन हाय."

त्या दिवसापासून मी सरकारी माणूस झालो. पगार नव्हता, रुबाब होता. आणि त्या दळणाचं पीठ इतकं बारीक आलं, की भांडणाऱ्या बाया दुसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाल्या, तारबाबूवालं दळून दे.

बाबू खटक्यावरूनच निवृत्त झाले. मग रोज सकाळी गिरणीत पोत्यावर बसून, डब्याच्या ठोक्यावर ते बोटानं मापटं वाजवायचे. मी विचारायचो, "कोणाले पाठवून राह्यले, बाबूजी?"

"कोणाले नाही. लाइन साफ ठेवून राह्यलो."

आता बाबू नाहीत, तारही नाही. पोरांनी गिरणीला विजेची मोटर बसवली. ती नुसती घूं करते, तिला ठोकाच नाही. डबा मात्र मी भंगारात जाऊ दिला नाही, खिडकीशी टांगला आहे. वारा सुटला की वाजतो, पण वेडावाकडा. मग मी उठतो आणि हातानं धरून त्याला गप्प करतो. असा चुकलेला ठोका बाबूंना चालला नसता.